एकशे त्रेपन्न मासे

आमचं तसबिरी मढवायचं दुकान नगरच्या कापडबाजारालगतच्या एका बोळात होतं. आठ बाय दहाची खोली. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, माळ्यावर लाकडी पट्ट्यांच्या मोळ्या आणि सगळ्यावर भुशाची पातळ साय. अण्णा काचेवर हिरकणी ओढायचे तेव्हाचा तो बारीक करकर आवाज अजून माझ्या दातांत आहे. रेघ ओढली की काच टेबलाच्या कडेवर आणायची, दोन्ही अंगठ्यांनी हलका दाब द्यायचा, आणि ती बरोबर त्या रेघेवर तुटायची. माझं काम काच पुसण्याचं. बाहेरची बाजू एकदा, आतली दोनदा, असा अण्णांचा दंडक होता. बाहेरचा डाग गिऱ्हाईक घरी पुसून घेतं. आत बोट उमटलं आणि मागून पुठ्ठा ठोकला गेला, की ते बोट देवाच्या अंगावर जन्मभर राहतं.

मागचा पुठ्ठा ठोकायचा तर चित्र पालथं घालावं लागे. म्हणून अण्णा टेबलावर आधी धुतलेलं फडकं अंथरत. विठ्ठल, मोहटादेवी, साईबाबा, शिवाजी महाराज, बाबासाहेब, मक्का-मदिना, कुणाचे वारलेले आजोबा, सगळे त्या फडक्यावर पालथे झोपून गेले. डिसेंबर लागला की येशू यायचा. नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती वस्ती जुनी, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची. नाताळाच्या आधी घराला चुना देताना जुनी तसबीर खाली उतरायची आणि तिची काच नाहीतर पट्टी बदलायला आमच्याकडे यायची. कागद वेगळा, छपाई वेगळी, माप वेगळं. पण चेहरा तोच. खांद्यापर्यंत उतरलेले तपकिरी केस, मऊ दाढी, कपाळावर उजेड, नजर थोडी वर, बाजूला लागलेली.

हा खरंच असा दिसायचा का, असं मी एकदा अण्णांना विचारलं. ते चुका ओठांत धरून काम करत. त्यांनी त्या काढून तळहातावर घेतल्या. "बाबासाहेबांना पाहिलेली माणसं आहेत," ते म्हणाले. "याला पाहिलेलं कोण आहे आता?" आणि चुका पुन्हा ओठांत धरल्या.

तो प्रश्न माझ्याकडून सुटला नाही. मी ख्रिस्ती नाही. पण ज्याचा चेहरा मी लहानपणी शेकडो वेळा पुसला तो माणूस मला परका कधीच वाटला नाही. एका गिऱ्हाइकानं पैशांबरोबर खिशात मावेल असा नवा करार दिला होता. त्यातलं मार्कचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं. एका बैठकीत वाचून होतं. मी ते चेहरा शोधायला म्हणून वाचलं. मग मत्तय, लूक, योहान. चारही संपली आणि माझ्या हाती चेहरा काही लागला नाही. उंची नाही, वर्ण नाही, डोळ्यांचा रंग नाही, दाढी होती की नव्हती तेही नाही.

बाकी किती काय काय आहे! होडी वादळात सापडलेली असताना तो मागच्या बाजूला झोपला होता, आणि डोक्याखाली उशी होती. उशीसुद्धा मार्कनं टिपली आहे. दुपारी विहिरीपाशी तो थकून बसला. मित्राच्या थडग्याजवळ रडला. थुंकी आणि मातीचा चिखल करून आंधळ्याच्या डोळ्यांना लावला. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईनं गर्दीत मागून त्याच्या वस्त्राच्या काठाला हात लावला. मूळ ग्रीक शब्द यहुदी पुरुष वस्त्राच्या टोकांना लावत त्या गोंड्यांसाठीही वापरला जातो. अंगातलं आतलं वस्त्र बिनशिवणीचं, अखंड विणलेलं होतं आणि ते फाडू नये म्हणून शिपायांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. गोंडा दिसतो, विणकर दिसतो, वहाणांचे बंद दिसतात. मान वर करून पाहावं तर तिथे काही नाही.

'चेहरा' किंवा 'तोंड' हा शब्द त्याच्या संदर्भात जिथे जिथे येतो त्या जागा मी पुढे पेन्सिलनं खुणा करून ठेवल्या. डोंगरावर तीन शिष्यांसमोर तो चेहरा सूर्यासारखा झळकला. यरुशलेमकडे जायचं पक्कं केलं तेव्हा लूकच्या ग्रीकमध्ये त्यानं आपलं तोंड त्या दिशेला घट्ट वळवलं. गेथशेमाने बागेत तो तोंड जमिनीला टेकवून प्रार्थना करत होता. आणि पकडल्यावर लोक त्या तोंडावर थुंकले, ते झाकून त्याला बुक्क्या मारल्या, आणि कुणी मारलं ते ओळख म्हणाले. एवढंच. एक तर डोळे दिपलेले, नाहीतर तोंड जमिनीकडे, नाहीतर फडक्याखाली. नजर मात्र कधी कधी लागते. एका श्रीमंत तरुणाकडे त्यानं निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. आणि पेत्र या शिष्यानं त्याची ओळख तिसऱ्यांदा नाकारली तेव्हा वळून पेत्राकडे पाहिलं. पेत्र बाहेर जाऊन रडला. त्या डोळ्यांचा रंग पेत्राला ठाऊक होता.

त्या काळी माणसाचं रूप लिहायची रीतच नव्हती, असं म्हणून हे सोडता येत नाही. यहुदी शास्त्रात शौल राजा इतरांपेक्षा खांदा-डोकं उंच आहे, दावीद तांबूस आणि सुंदर डोळ्यांचा आहे, अबशालोमचे केस वर्षातून एकदा कापून तोलले जातात. रोममध्ये सुएटोनियस सम्राट ऑगस्टसचं चरित्र लिहितो तेव्हा त्याचे विरळ दात, जुळलेल्या भुवया आणि अंगावरचे तीळसुद्धा सांगतो. खुद्द पौलाचंही वर्णन दुसऱ्या शतकातल्या एका कथेत आहे: बुटका, टकला, वाकड्या पायांचा, जुळलेल्या भुवयांचा, नाक जरा बाकदार. चेल्याच्या भुवया ठाऊक आहेत आणि गुरूच्या नाहीत.

ही रिकामी जागा पुढच्या लोकांना सोसवली नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा राग येत नाही. ज्याच्यावर जीव जडला त्याला डोळ्यांपुढे आणायची ओढ कुणाला चुकली आहे? आधी त्यांनी जुन्या ग्रंथांत शोधलं. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या सेवकाला रूप नाही, सौंदर्य नाही, असं आहे. त्यावरून दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या जस्टिन, टर्टुलियन, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट अशा थोरामोठ्यांनी ठरवलं, की येशू दिसायला साधा, कुरूपच असला पाहिजे. सेल्सस नावाच्या विरोधकानं याचाच धागा पकडला: तो ठेंगणा आणि कुरूप होता म्हणतात, मग देव कसला? तिसऱ्या शतकात ओरिजेननं त्याला उत्तर देताना कुरूप हे यशयाच्या आधारे एकवेळ मान्य केलं, पण ठेंगणा कुठे लिहिलंय, असं विचारलं. त्यानं आणखी एक सांगितलं: येशू ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे ज्याला त्याला वेगळा दिसे. पुढे धर्म राजमान्य झाला, आणि जेरोम व क्रिसोस्टम यांनी स्तोत्रसंहितेतला दुसराच दाखला पुढे केला. पंचेचाळीसाव्या स्तोत्रातला राजा सर्व माणसांत देखणा आहे, म्हणून येशूही देखणा. दोन्ही बाजूंना पुस्तक होतं, डोळ्यांनी पाहिलेलं कुणीच नव्हतं. ऑगस्टीननं ते सरळ लिहून ठेवलं, की त्याचा चेहरा एकच होता खरा, पण प्रत्येकाच्या मनातला निराळा.

आणि मग भिंती. सिरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस नावाचं एक लष्करी ठाणं होतं. तिथे तिसऱ्या शतकाच्या मध्याआधी एका साध्या घराचंच प्रार्थनास्थळ केलेलं. २५६ च्या सुमारास इराणी सैन्याचा वेढा पडला. तटबंदी खचू नये म्हणून बचाव करणाऱ्यांनी तटाला लागून असलेली घरं मातीनं भरून टाकली. शहर पडलं, ओस झालं. घर मातीत राहिलं, आणि १९३० च्या दशकात उत्खनन करणाऱ्यांना त्याच्या भिंतींवरची चित्रं सापडली. ती आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यात एक पक्षाघात झालेला माणूस आहे. आधी खाटेवर पडलेला, मग तीच खाट पाठीवर घेऊन चालता झालेला. वरती एक तरुण हात पुढे करून उभा. आखूड केस, दाढी नाही, साधा अंगरखा. येशूची आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत जुनी चित्रं म्हणतात त्यांतलं हे एक. चार-पाच फटकाऱ्यांत काढलेला चेहरा. चितारी रेंगाळलाय तो खाटेच्या जाळीपाशी. ती खाट पाहून मला अण्णा आठवतात. त्यांनीही आधी खाटेचा सांधा पाहिला असता.

रोमच्या भुयारी दफनघरांतही तो असाच, खांद्यावर मेंढरू घेतलेला बिनदाढीचा मेंढपाळ पोरगा. असे मेंढपाळ त्या काळच्या रोमन घरांत नुसत्या सजावटीलाही असत. दाढी आणि लांब केस आले ते चौथ्या शतकापासून, सिंहासन आलं त्याच सुमारास. ज्युपिटर, सेरापिस अशा देवांचे आणि तत्त्ववेत्त्यांचे दाढीवाले पुतळे लोकांच्या सवयीचे होते. अधिकार म्हटला की तो असाच दिसायचा. रोममधल्या सांता पुदेन्झिआना चर्चच्या भिंतीवर, इसवी सन ४०० च्या आसपास, तो सोनेरी वस्त्रात सम्राटासारखा बसला आहे. रावेन्ना गावात सहाव्या शतकातलं एक चर्च आहे. तिथे एका भिंतीवर चमत्कार करणारा येशू बिनदाढीचा आणि समोरच्या भिंतीवर दुःखभोगाकडे जाणारा येशू दाढीवाला. एकाच छपराखाली दोन चेहरे समोरासमोर, आणि त्यात कुणाला विसंगती वाटलेली नाही.

या साऱ्यांत मी सर्वांत जास्त वेळ ज्याच्यासमोर घालवला ते सिनाई डोंगराच्या पायथ्याशी, सेंट कॅथरिनच्या मठातलं चित्र. लाकडी फळी, त्यावर रंग कालवलेलं गरम मेण; सहाव्या शतकातलं काम. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी मूर्ती आणि चित्रं फोडायला-जाळायला काढली तेव्हा हा मठ मुसलमान राज्यात होता. त्यांचा हात तिथवर पोचला नाही आणि हा चेहरा वाचला. मी तो छापील पाहिलाय. एक पोस्टकार्ड नाकाच्या रेषेवर उभं धरायचं आणि आधी एक अर्धा झाकायचा, मग दुसरा. आशीर्वादाचा हात ज्या बाजूला आहे तो अर्धा शांत. भुवई सैल, डोळा मोकळा, गालाची कड मऊ. ग्रंथ धरलेल्या बाजूचा अर्धा ताठ. भुवई वर चढलेली, ओठाचा कोपरा खाली, डोळ्याखाली सावली. पोस्टकार्ड काढलं की दोघं मिळून एक माणूस होतो आणि तो थेट आपल्याकडे पाहतो. दयाळू आणि न्यायी असे दोन स्वभाव त्यात दाखवलेत, असा अर्थ लावतात. मला त्यात वडील दिसतात. कुणाचेही वडील.

माणसानं काढलेल्या चेहऱ्यावर मन ठरेना, म्हणून न काढलेल्याचा शोध सुरू झाला. आपल्याकडे स्वयंभू म्हणतात तसा. एदेसा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा, तिथल्या अबगार राजाची कथा आहे. आजारी राजानं येशूकडे माणूस धाडला, सोबत चित्र काढून आणायचा हुकूम. त्या चेहऱ्यावरच्या तेजानं चिताऱ्याला काही जमेना. येशूनं तोंड धुतलं, पंच्यानं पुसलं, आणि पंच्यावर चेहरा उमटला. असं एक कापड एदेसात खरोखर होतं. ९४४ मध्ये ते कॉन्स्टँटिनोपलला नेलं, आणि १२०४ मध्ये धर्मयुद्धाच्या नावानं आलेल्या फौजांनी ते शहर लुटल्यावर नाहीसं झालं. इटलीत तुरीनला साडेचार मीटरच्या आतबाहेर लांबीचं लिननचं कापड आहे. सेकोंदो पिया यांनी १८९८ मध्ये त्याचा फोटो घेतला, तेव्हा काचेच्या निगेटिव्हवर त्यातला माणूस उलट जास्त स्पष्ट उठून आला. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोनातल्या प्रयोगशाळांनी त्याच्या धाग्यांचं वय काढलं, ते १२६० ते १३९० यांच्या मधलं निघालं. मी ते वय मानतो. तरी त्या कापडासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांना मी हसणार नाही, कारण कापडावर नाही तरी काचेवर चेहरा उतरलेला मी पाहिला आहे.

पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. एक ख्रिस्ती बाई जुनी तसबीर जुन्या पातळात गुंडाळून घेऊन आल्या. चित्र मेंढपाळाचं, कोकरू उराशी धरलेलं. भिंतीला ओल आली, कागद काचेला चिकटला, काचेला तडा गेला, आणि घरातल्या कुणीतरी काच ओढून काढायला पाहिली. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. चिकटलेला कागद सुटताना रंगाचा पापुद्रा काचेकडे जातो. इथे चेहरा गेला होता. केस होते, खांदा होता, हात होता, हातातल्या कोकराचे कानसुद्धा स्वच्छ होते. चेहऱ्याच्या जागी पांढरा, किंचित लवदार कागद. काचेचे तुकडे बाईंनी वेगळ्या वर्तमानपत्रात बांधून आणले होते. एका तुकड्यावर एक डोळा आणि अर्धा गाल होता.

अण्णांनी गठ्ठ्यातून त्याच मापाचं नवं चित्र काढलं. "ताई, हे बसवून देतो. पट्टीचेच पैसे द्या."

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "सासूबाई चाळीस वर्षं याच्यापुढं बसल्यात. आता मोतीबिंदूनं काही दिसत नाही त्यांना. रोज हात लावून बघतात. पट्टीचा हा कोपरा दबलाय ना, तो लागला की मग प्रार्थनेला बसतात. हेच राहू द्या. पट्टीपण हीच ठेवा."

अण्णांनी दबलेला कोपरा अंगठ्यानं चाचपून पाहिला आणि मान डोलावली. मग त्यांनी काच आणि कागद यांच्यामध्ये चारी बाजूंनी पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या लावल्या, म्हणजे पुन्हा काच चित्राला टेकणार नाही. मी काच पुसली, आत दोनदा. तो डोळ्याचा तुकडा अण्णांनी भंगाराच्या डब्यात टाकला नाही. कागदात बांधून बाईंच्या हातात परत दिला.

आमच्याकडे येणारा तो तपकिरी केसांचा चेहरा कुठला, हे मला फार उशिरा कळलं. शिकागोत वॉर्नर सॉलमन नावाचा जाहिरातींची चित्रं काढणारा चित्रकार होता. १९२४ मध्ये त्यानं एका धार्मिक मासिकासाठी कोळशानं हे डोकं काढलं आणि १९४० मध्ये त्याचं तैलचित्र केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या खिशांत त्याच्या छोट्या प्रती गेल्या. पुढे पन्नास कोटींहून जास्त प्रती निघाल्या असं सांगतात. त्यातली एक नगरच्या बोळात आमच्या फडक्यावर पालथी पडली होती. सॉलमन भाविक माणूस होता, त्याच्या भक्तीवर मला शंका घ्यायची नाही. पण त्या चित्राबरोबर एक गोरा रंगही घरोघर गेला, आणि तो बिनबोभाट गेला. गालीलच्या उन्हात गावोगाव पायी हिंडणारा, सुतारकाम केलेला यहुदी माणूस उत्तर युरोपातल्या माणसासारखा दिसणं शक्य नव्हतं. ज्यांना रंगावरून पायरीखाली उभं केलं गेलं त्यांच्याही भिंतीवर तो गोरा होऊन लागला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मँचेस्टरचे रिचर्ड नीव कवटीवरून चेहरा उभा करण्यात वाकबगार. २००१ मध्ये बीबीसीच्या मालिकेसाठी त्यांनी त्या प्रदेशातल्या, पहिल्या शतकातल्या एका यहुदी पुरुषाच्या कवटीवर मातीचे स्नायू चढवले. रुंद चेहरा निघाला, सावळा वर्ण, जाड नाक, आखूड कुरळे केस. केस आखूड ठेवायला पौलाचाही आधार होता. पुरुषानं लांब केस राखणं त्याला लाजिरवाणं वाटे, आणि गुरूचे केस खांद्यावर रुळत असते तर त्यानं तसं लिहिलं नसतं. तो चेहरा जगभर छापून आला. तो येशूचा नव्हताच. येशूच्या शेजाऱ्याचा म्हणा. लंडनच्या प्राध्यापिका जोन टेलर यांनी २०१८ मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. तिथल्या सांगाड्यांवरून त्या काळच्या पुरुषाची सरासरी उंची १६६ सेंटीमीटरच्या आसपास भरते, म्हणजे जेमतेम साडेपाच फूट. काळे केस, तपकिरी डोळे, गव्हाळ-सावळी त्वचा, आखूड दाढी, गुडघ्याखाली येणारा साधा अंगरखा, पायांत वहाणा. अंग भरलेलं नसणार. चालणं फार आणि खाणं मिळेल तसं. नगरच्या एसटी स्टँडवर असा माणूस बाकावर बसला असता तर मी त्याला सरकायला सांगून शेजारी बसलो असतो.

आपल्याकडच्या हातांनीही तो घडवलाय. सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात केलेला बाळ-मेंढपाळ पाहावा. डोंगराच्या टोकावर बसलेलं पोर, गालाला हात टेकून डोळे मिटलेलं, मांडीत मेंढरू, खाली कपारींतून झरे आणि आणखी मेंढरं. त्या मिटलेल्या डोळ्यांत कुणाला बुद्ध दिसतो, कुणाला कृष्ण. त्याच शतकात, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सनी गोव्यातच मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं होतं. आणि आमच्या नगरशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या रेव्हरंड टिळकांनी त्याला माउली म्हटलं. माउली म्हटल्यावर दाढीचा प्रश्न उरत नाही.

आंजेलो द फोन्सेका गोव्याचे, जन्म १९०२ चा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले, आणि गावी परतून साडी नेसलेली मरीया काढू लागले. तेव्हाच्या गोव्याला ते सोसलं नाही. ते पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून १९६७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चित्रं काढत राहिले. लग्नानंतर त्यांच्या मरीयेला पत्नीचा चेहरा येत गेला. त्यांची पुष्कळ चित्रं आता पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत. पातळ जलरंग, अनवाणी पाय, आपल्या घरातल्या माणसांसारखा रंग. अण्णांना ती दाखवायची राहून गेली. असं एखादं चित्र त्यांच्या टेबलावर आलं असतं तर त्यांनी पट्टी कोणती लावली असती, याचा मी विचार करत असतो. मला वाटतं, सागाची साधी, बिनपॉलिशची.

आता त्या ओळखणाऱ्यांकडे येतो, ज्यांनी त्याला खरोखर पाहिलं होतं. बागेत रात्री पकडायला आलेल्यांसाठी यहुदा या शिष्याला चुंबनाची खूण ठरवावी लागली; बारा-तेरा माणसांत हाच तो, हे नुसतं बघून कळण्यासारखं नव्हतं. आणि कबर रिकामी झाल्यावर तर त्याच्या जवळच्यांनाही तो ओळखू येत नाही. मग्दालिया मरीयेला तो माळी वाटला. त्यानं तिला नावानं हाक मारली तेव्हा ती वळली. अम्माऊसच्या वाटेवर दोघे जण त्याच्याबरोबर कोसन् कोस चालले, बोलले, त्यांना कळलं नाही. संध्याकाळी घरात त्यानं भाकर मोडली आणि तेव्हा कळलं. थोमा या शिष्यानं जखमा पाहायला मागितल्या.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात गालीलच्या सरोवरावरची पहाट आहे. पेत्र आणि इतर सहा जण रात्रभर जाळं टाकून रिकामे. काठावर कुणीतरी उभं आहे. तो हाक मारतो, पोरांनो, काही मिळालं का? उजवीकडे टाका म्हणतो. जाळं ओढवेना इतकं भरतं, आणि होडीतला एक जण म्हणतो, प्रभू आहे. पेत्र कपडे आवळून पाण्यात उडी टाकतो. काठ किती दूर होता तेही लिहिलंय, दोनशे हात. मासे किती होते तेही, एकशे त्रेपन्न, मोठे. काठावर कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासा आणि भाकर. विस्तवासाठी वापरलेला तो ग्रीक शब्द नव्या करारात दोनदाच येतो: एकदा इथे, आणि एकदा त्या रात्री, जेव्हा शेकत उभा असलेला पेत्र म्हणाला होता, मी त्याचा शिष्य नाही.

या, न्याहारी करा, असं तो म्हणाला. सगळे बसले. आपण कोण, असं विचारायला कुणी धजलं नाही, असं योहान लिहितो. त्यानं भाकर घेतली आणि त्यांना दिली, तसेच मासेही.